मॅडम, टेन्शनने खाज येते म्हणजे माझेच मनाचे खेळ का?

"डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे होतंय, म्हणजे मी काय मुद्दाम करतोय का?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं. कुणाला मानेवर इसब, कुणाला सोरायसिस, कुणाच्या मुलीला परीक्षा आली की अंगभर पित्ताच्या गांध्या. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब दिलेली असते, गोळ्या दिलेल्या असतात आणि निघता निघता "स्ट्रेस कमी करा" असंही सांगितलेलं असतं, जे ऐकून कुणाचा स्ट्रेस कमी झालेला मी तरी अजून पाहिला नाहीये. मग कुणीतरी संमोहनाचं नाव काढतं आणि माणूस अर्धवट घाबरतच माझ्यासमोर येऊन बसतो.

तर पहिलं उत्तर, खाज खरीच असते. आईच्या पोटात आपली त्वचा आणि मेंदू-मज्जातंतू एकाच थरातून तयार होतात, त्यामुळे डोकं तापलं की कातडीला खबर लागते यात नवल काही नाही. ताण असला की खाज जास्त जाणवते, खाजवलं की तिथली कातडी जाड होते, आणि जाड झालेली कातडी अजून खाजते. यात नाटक कुठेच नाही.

आता एका गृहस्थांबद्दल सांगते (ओळखू येईल असं सगळं बदललंय, दोन-तीन जणांचं एकत्र केलंय). पतसंस्थेत अकाउंट्स बघणारे, पन्नाशीला टेकलेले. दोन्ही पायांच्या घोट्यांवर काळपट, चामड्यासारखे जाड चट्टे, कित्येक वर्षांचे. मेडिकलवाल्याला विचारून आणलेल्या ट्यूबा सगळ्या लावून झालेल्या. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी नीट तपासलं, बुरशी नाही हे बघितलं आणि मलम दिलं. मलम लावलं की कमी, सोडलं की परत.

ते आले तेच मोबाईलवर बघितलेली एक गोष्ट घेऊन. "मॅडम, इंग्लंडमध्ये एका मुलाची मगरीसारखी कातडी संमोहनाने गळून पडली म्हणे, खरं आहे का?" खरं आहे. मेसन नावाच्या डॉक्टरांनी 1952 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती केस लिहिली, मुलगा 16 वर्षांचा होता. पण मी त्यांना पुढचंही सांगितलं, की मेसननी नंतर तसाच आजार असलेल्या इतरांवर प्रयत्न केला आणि तसं यश परत आलं नाही. गृहस्थांचा चेहरा पडला. पडू दे, चमत्काराची वाट बघणारा माणूस घरी सराव करत नाही असा माझा अनुभव आहे.

दुसरी भीती नेहमीचीच. "मी झोपेत काही बोलून गेलो तर? जागाच झालो नाही तर?" शाळेच्या हॉलमधले संमोहनाचे खेळ बघून वाढलेली आपली पिढी, दुसरं काय होणार! झोप नसतेच ती. डोळे मिटलेले, श्वास संथ, लक्ष एका जागी, बाहेर कुकरची शिट्टी झालेलीही ऐकू येते आणि नको वाटलं तर कधीही डोळे उघडता येतात.

पहिल्या एक-दोन भेटींत फक्त शरीर सैल सोडायला शिकवलं. मग एकदा त्या शांत अवस्थेत त्यांना म्हटलं, आता रात्र आहे, तुम्ही आडवे झालात, खाज येऊ द्या, हात जातोय, जाऊ द्या. काय होतंय?

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बरं वाटतंय."

"अजून?"

"डोकं बंद होतंय."

"डोक्यात काय चालू होतं?"

"थकबाकी. कुणाचा हप्ता राहिला, ऑडिटर काय काढेल, चेअरमनच्या माणसाचं कर्ज. खाजवत असलो की तेवढा वेळ हिशोब थांबतो."

मी पुढचं काही विचारलंच नाही, बसू दिलं त्यांना तसंच. बायको हातावर चापट मारायची, डॉक्टर रागावायचे, ते स्वतःला शिव्या द्यायचे, सगळे त्यांचं खाजवणं काढून घ्यायच्या मागे, पण त्यातून त्यांना मिळतं काय हे कुणी विचारलंच नव्हतं! दिवसभरात हिशोब बंद करायची त्या माणसाकडे तेवढी एकच जागा होती. ती हिसकावली तर माणूस दुसरीकडे खाजवणार, नाहीतर तंबाखू मळणार.

इथून काही थेरपिस्ट बालपणात शिरतात. मी शिरत नाही. मूळ खणत बसण्यापेक्षा हाताला दुसरं काम द्यावं या मताची मी आहे आणि इतक्या वर्षांत ते मत बदलावं असं काही घडलं नाही. "थंड वाटेल अशी तुमची जागा सांगा," म्हटलं. बर्फाचे डोंगर मी कधीच सुचवत नाही, ज्याने बर्फ फक्त टीव्हीवर पाहिलाय त्याच्या पायाला त्याने काय गारवा लागणार? त्यांनी लगेच सांगितलं, गावाकडे उसाला पाणी द्यायची रात्रपाळी, थंडीचे दिवस, पाटात पाय सोडले की घोट्यापर्यंत बधिर व्हायचं. "आणि तिथे हिशोब?" "तिथे कसला हिशोब मॅडम, तिथे फक्त बारं, म्हणजे पाण्याची वाट, फुटू नये एवढंच बघायचं."

झालं, आमचं सगळं काम तिथून झालं. रोज झोपायच्या आधी, म्हणजे खाज यायच्या आधी, दहा मिनिटं डोळे मिटून पाट. आणि हात गेलाच तर नखं न लावता तळवा घोट्यावर घट्ट दाबून धरायचा, पाणी लागतंय असं समजून. सोबत डॉक्टरांचं मलम चालूच. काही आठवड्यांत रात्रीचं खाजवणं बरंच उतरलं, चट्टे पातळ व्हायला मात्र काही महिने गेले. मार्च एंडला थोडं परत आलं, येणारच. पण तेव्हा ते घाबरून माझ्याकडे धावले नाहीत, स्वतःच सांभाळलं, आणि मला त्याचाच जास्त आनंद आहे.

आता तुमच्यासाठी. आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे किंवा कुणाकडेही नंतर. गजकर्ण टेन्शनने होत नाही, आणि त्यावर स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब लावली तर ते दबून पसरतं. घरातले सगळेच रात्री खाजवत असतील तर खरजेचा संशय घ्या. पित्ताबरोबर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर डोळे मिटून बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. ज्यांना भास होतात किंवा मनाच्या गंभीर आजाराची औषधं चालू आहेत त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन करू नये. बाकी नखं कापलेली ठेवा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. साधं आहे पण निम्मे लोक करत नाहीत.

आणि थेरपिस्ट शोधताना एवढं बघा, पहिल्याच भेटीत गॅरंटी देत असेल किंवा डॉक्टरांची औषधं बंद करा म्हणत असेल तर फी परत मागायच्या भानगडीतही पडू नका, उठा आणि घरी या.