डॅलसहून न्यू ब्राउन्फेल्सला ट्यूबिंग: सासू-सासरे, मुलं आणि न पोहणारे सोबत असताना

तुम्ही विचारलंय की जुलैत दोन फॅमिली मिळून टेक्सासमधल्या न्यू ब्राउन्फेल्स गावी ग्वाडलूप नदीवर ट्यूबिंगला (हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून प्रवाहाबरोबर तरंगत जायचं) जायचंय, मुलं 6 आणि 10 वर्षांची, सांगलीहून सासू-सासरे आलेत, पोहता येणारे फक्त दोघं, आणि सासरे म्हणतायत की ही पूर आलेली नदी आहे, तिथे कशाला. आम्ही ह्यूस्टनकर दर उन्हाळ्यात तिकडे जातो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सासऱ्यांच्या भीतीबद्दल, कारण ती उगाच नाहीये. 4 जुलै 2025 ला पहाटे जो पूर आला, शंभरच्या वर माणसं गेली, तो याच नदीला, पण वरच्या अंगाला, केर (Kerr) काउंटीत. न्यू ब्राउन्फेल्स खाली आहे आणि मध्ये कॅन्यन लेकचं धरण आहे, वरचं पाणी ते अडवतं. पण धरणाच्या खाली पडलेला पाऊस धरण अडवू शकत नाही ना! तो सगळा भाग चुनखडीच्या खडकाचा, माती पातळ, पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात येतो आणि पाणी बघता बघता चढतं. म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी निघताना दोन्ही वेळा फोरकास्ट बघायचा, फ्लॅश फ्लड वॉच (अचानक पूर येण्याच्या शक्यतेचा इशारा) असेल तर बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील पण नदीत उतरायचं नाही. पाण्यात असताना गडगडलं किंवा पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला की जवळचा काठ गाठायचा, ठरलेल्या एक्झिटची वाट बघत बसायचं नाही.

आता नदी कुठली. माझं स्पष्ट मत, तुमच्या ग्रुपने ग्वाडलूप नको, कोमाल करा. कोमाल त्याच गावात आहे, जेमतेम अडीच मैलांची, झऱ्यांवर चालणारी, लँडा पार्कमध्ये उगम पावते आणि गावातच ग्वाडलूपला मिळते. पाणी जमिनीखालून येतं म्हणून बारा महिने 21-23 डिग्री सेल्सियसच्या आसपास, स्वच्छ, खालचे गोटे दिसतात. पाऊस नसेल तर प्रवाह रोज जवळपास सारखाच असतो, न पोहणाऱ्यांसाठी मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ग्वाडलूपचं तसं नाही, तिथे किती पाणी असेल ते धरणातून किती सोडलंय त्यावर ठरतं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना हे लगेच कळेल, तिथेही वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं म्हणून राफ्टिंग होतं. ग्वाडलूपचा आकडा यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर, धरणाच्या खाली सॅटलरला प्रवाह मोजायचं जे गेज आहे तिथला, फुकट बघता येतो, सीएफएस म्हणजे सेकंदाला किती घनफूट. साधारण 100 च्या खाली असेल तर ट्यूब गोट्यांना घासत राहते, अर्धा वेळ ती खांद्यावर घेऊन चालायचं. दीडशे ते तीनशे-साडेतीनशे मस्त. पाचशेच्या वर लहान मुलं आणि न पोहणारे अजिबात नकोत, हजारच्या आसपास तर ट्यूब भाड्याने देणारेच सहसा थांबतात. कधीतरी फक्त मोठी माणसं गेलात तर जरूर करा, काठाने सायप्रसची जुनी झाडं आहेत आणि पाणी धरणाच्या तळातून येत असल्याने चांगलंच गार असतं, ऐन ऊनात स्वर्ग!

कोमालवर एकच जागा जपायची, ती म्हणजे बंधाऱ्याजवळचा ट्यूब शूट. बंधाऱ्याच्या बाजूने काँक्रीटची घसरगुंडी केलीय, मुलांना तीच सगळ्यात आवडते, पण खाली पाणी उसळतं आणि ट्यूब उलटू शकते. तिथून 6 वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन जाऊ नका, बाहेर पडून काठाने चालत खाली या आणि परत पाण्यात उतरा, सासूबाईंनीही तसंच करायचं. बंधाऱ्याच्या बाजूला तर कुणीच फिरकायचं नाही, छोटा दिसणारा बंधारासुद्धा माणसाला खाली फिरवत धरून ठेवतो.

लाइफ जॅकेट फक्त मुलांना नाही, पोहता न येणाऱ्या प्रत्येकाला, आणि बकल लावलेलं. पार्किंगमध्येच घालून बघा, खांद्याला धरून वर ओढलं आणि हनुवटीच्या वर आलं तर ते सैल आहे. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना लाज वाटते, "मला नको, मुलांना द्या" म्हणतात, तिथे ऐकायचं नाही. दुसरं म्हणजे ट्यूबमधून पडलात तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे आणि वर, आणि संथ पाण्यात येईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. धारेत उभं राहिलं आणि पाय दोन दगडांत अडकला की गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला आडवं पाडतं. हे मुलांना गाडीतच दोनतीनदा सांगून ठेवा. ट्यूब दोरीने एकमेकींना बांधू नका, दोरी झाडाच्या मुळात अडकली की सगळे एकदम अडकतात, त्यापेक्षा एकमेकांचे हँडल धरा. मुलांसाठी तळ असलेली ट्यूब मागा. हवा भरायचा व्हॉल्व्ह पाठीला खरवडतो, तो खाली जाईल अशी ट्यूब फिरवून घ्या. ट्यूबचं काळं रबर ऊनात तापतं, बसायच्या आधी पाणी मारा.

कपडे: लेगिंग्ज आणि बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यात बरा, सासूबाई पंजाबी ड्रेस घालणार असतील तर ओढणी गाडीतच. चपला वाहून जातात, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. चष्म्याला दोरी. कारची चावी एकाच माणसाकडे, वॉटरप्रूफ पाउचमध्ये, गळ्यात.

खाण्याचं म्हणाल तर गावाच्या हद्दीत नदीवर डिस्पोजेबल काहीही चालत नाही, कॅन नाही, विकतच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली नाही, झिपलॉकसुद्धा नको, काच आणि थर्माकोल तर नाहीच. दंड होतो. घरचे घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि रोजच्या वापरातल्या बाटल्या बिनधास्त चालतात, दशम्या-चटणी उत्तम, ओल्या झाल्या नाहीत म्हणजे झालं. पाणी भरपूर न्या, पाण्यात असल्यामुळे तहान कळत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. बियर ज्यांना घ्यायचीय त्यांनी संध्याकाळी घ्या, मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या दोघांनी दिवसभर अजिबात नाही.

शनिवार टाळा, गर्दीत ट्यूबला ट्यूब लागते आणि मूल नजरेआड व्हायला वेळ लागत नाही. मंगळवार-बुधवार जमवा, आदल्या रात्री पोचा कारण डॅलसहून आय-35 ने चार तास सहज जातात, आणि सकाळी दहाच्या आत पाण्यात. शेवटची शटल (परत आणणारी गाडी) किती वाजता आणि शेवटचा एक्झिट कुठला हे ट्यूब घेतानाच विचारा, तो चुकला की पुढे ग्वाडलूप लागते.

सासऱ्यांना गुडघ्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आग्रह करू नका. लँडा पार्कमध्ये मोठ्या झाडांची सावली आहे, छोटी ट्रेन आहे, झऱ्याचं पाणी उगमापाशी बघता येतं, त्यांना तिथेच आवडेल. पाण्यात पोहता येणाऱ्या दोघांपैकी एक जण मुलांच्या पुढे आणि एक मागे ठेवा. तारीख ठरली की इथे टाका, त्या आठवड्याचा पाऊस-पाण्याचा अंदाज बघून सांगतो.