‘आधी पुस्तक वाच’, पण कुठलं?

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथ आणि इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप आहे. अॅम्बेसिडर, पद्मिनीवर हात बसलेला आहे. आमच्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इचलकरंजीच्या एका पोरानं लिहिलं, ‘आजोबांची ७२ ची मार्क टू अॅम्बेसिडर चार वर्षं उभी आहे, चालू करायची आहे, काय करू?’ मी लिहिलं, ‘आधी पुस्तक वाच, मग गाडीला हात लाव.’ त्यावर सगळे हसले. एकानं ‘भंगारवाल्याचा नंबर देऊ का?’ असंही विचारलं. रात्री पोरगा ग्रुप सोडून गेला. तेच तेच प्रश्न किती वेळा झेलायचे? आणि एवढ्यावर रुसणारा गाडी काय सांभाळणार? – एक त्रासलेला कारागीर

उत्तर:

नमस्कार. तुमचा वैताग समजतो, पण वैतागायला तुम्ही माणूस चुकीचा निवडलात. त्या पोराच्या एका ओळीत मॉडेल होतं, साल होतं आणि गाडी किती काळ उभी आहे तेही होतं. नुसतं ‘गाडी चालू होईना’ लिहून गप्प बसणाऱ्यांच्या मानानं हा प्रश्न चांगलाच नीट होता. आणि पुस्तक वाच म्हणालात, पण कुठलं? मार्क टूचं मॅन्युअल काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ते तुमच्यासारख्यांच्या कपाटात, ग्रीसचे डाग पडलेल्या झेरॉक्सच्या रूपात असतं. त्याच्या चार पानांचे फोटो काढून पाठवले असते, तर तेच वाक्य मदत ठरलं असतं.

उत्तर मिळालं नाही म्हणून असा माणूस थांबत नाही. नवी बॅटरी आणतो, सेल्फ मारत बसतो, नाहीच झालं तर दोरी बांधून ट्रॅक्टरनं ओढायला लावतो. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलेंडरला धरलेल्या असू शकतात. ओढाओढीत रिंग तुटते, सिलेंडरला ओरखडे पडतात आणि तोच ब्लॉक बोअरिंगला तुमच्या दारात येतो. (धंद्याला वाईट नाही म्हणा.)

त्याला जे सांगायचं राहिलं, ते आता सांगा, आणि त्याच क्रमानं. बॅटरी आत्ता जोडू नको. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात चहाचे दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि गाडी रात्रभर तशीच ठेव. सकाळी न्यूट्रलमध्ये टाकून हँडलनं हातानं फिरवून बघ. फिरलं नाही तर जोर लावू नको, आणखी तेल सोडून दोन दिवस थांब. फिरलं तर डिपस्टिक बघ. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. दुधाळ नसलं तरी जुनं तेल काढून नवं २०डब्ल्यू-५० भर. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढ, त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल तर कार्ब्युरेटरही खोलावा लागेल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या डायफ्रामला खातं, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाल. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर पांढुरका थर आला असेल, तो बारीक पॉलिश पेपरनं साफ कर आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेव. प्लगचा गॅप ०.६ मिमीच्या आसपास. शेवटी बॅटरी, तीही कुठलं टर्मिनल बॉडीला अर्थ केलंय ते बघूनच. जुन्या ब्रिटिश वळणाच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, उलटी जोडली तर महागात पडेल.

आणि ब्रेक. गाडी चालू होण्याच्या आनंदात नवशिके हेच विसरतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ब्रेकचे सिलेंडर आतून गंजतात, त्यातलं रबरी किट कडक होतं. इंजिन सुरू व्हायच्या आधी चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडले गेलेच पाहिजेत. इचलकरंजीचा असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून विचारा: २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी गाडीला लागलं होतं का? लागलं असेल आणि नंतर गाडी खोलली गेली नसेल, तर गिअरबॉक्स, डिफरन्शियल, डायनॅमो, स्टार्टर सगळंच उघडावं लागेल.

तेच तेच प्रश्न येतात हे खरं आहे. वरचा मजकूर एकदा नीट लिहून ग्रुपवर पिन करा आणि पुढच्या वेळी नुसतं तिकडे बोट दाखवा. पण बोट दाखवल्यावर एक उलट प्रश्नही विचारा, कारण बहुतेक भांडणं अर्धवट माहितीवर उत्तरं दिल्यामुळे होतात. ‘तापल्यावर बंद पडते’ एवढंच कुणी लिहिलं, की एक म्हणणार कंडेन्सर (म्हणजे ठिणगीचा दोष), दुसरा म्हणणार व्हेपर लॉक (म्हणजे पेट्रोलची वाटेतच वाफ), आणि दोघं रात्री बारापर्यंत भांडणार. एप्रिलच्या उन्हात गगनबावड्याचा घाट चढताना दोन्ही होऊ शकतं. म्हणून विचारायचं, बंद पडल्या क्षणी प्लगला ठिणगी होती का? होती, आणि गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ. ठिणगीच नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. ‘शेवटचं काय बदललंस?’ हा दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यांत उपयोगी. बहुतेक वेळा बिघाड परवा हात लावलेल्या जागीच सापडतो.

चूक दाखवायची ती खाजगीत. अपवाद धोक्याच्या सल्ल्याचा. ‘ब्रेकमध्ये थोडं इंजिन ऑइल चालतं’ असं कुणी लिहिलं, तर मोठा माणूस असला तरी तिथल्या तिथे सर्वांसमोर खोडा, कारण खनिज तेलानं रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतात. कुणी गाडी घेतल्यावर ‘किती दिले? फसलास!’ हे मात्र बंद करा. व्यवहार झालेला असतो, त्या बोलण्याचा कुणाला उपयोग नाही. त्यानं आरसी किंवा चासिस नंबरचा फोटो टाकला तर काढून टाकायला सांगा.

७२ ची गाडी म्हणजे पन्नासच्या वर, त्यामुळे उद्या त्याला कुणीतरी ‘व्हीए नंबर घे’ म्हणणार. २०२१ च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे, व्हीए ही तिच्या नंबरांची मालिका. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि जुनी नोंदणी असेल तर मूळ नंबर ठेवता येतो. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पण अशी गाडी रोजच्या वापराला नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आजोबांच्या गाडीतून त्याला रोज कामावर जायचं असेल तर हा सल्ला उलटाच पडेल. आधी विचारा.

दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक आली की सगळं कोल्हापूर मोबाइल उंचावून उभं असतं. पण त्या गर्दीतला एखादाच घरी जाऊन दारातल्या गाडीवरची ताडपत्री काढतो. असा एक सापडलाय, त्याला ग्रुपच्या अॅडमिनकडून नंबर घेऊन फोन करा. इतकंच म्हणा, ‘परवा मी तोडून बोललो, माझं चुकलं. तुझा प्रश्न बरोबर होता. बॅटरी जोडली नसशील तर जोडू नकोस. प्लग काढून फोटो पाठव.’ टोमणा सर्वांसमोर मारलात, तर ‘चूक माझी होती’ ही ओळही ग्रुपवरच टाका. इमोजी टाकणाऱ्यांची नावं घेऊ नका, त्यांना कळेल.

फुकट किती करायचं, हे पत्रात नाही पण पत्रामागे आहे. सल्ला फुकट, हाताचं काम पैशानं. ड्रम टर्निंगचा आणि बोअरिंगचा दर पहिल्याच फोनवर सांगून टाका. नवा माणूस दराला भीत नाही, काम झाल्यावर अचानक आलेल्या आकड्याला भितो. फोन उचलला नाही तर एक मेसेज टाका आणि सोडून द्या, दुसरा टाकू नका.