डिझेल फिल्टरमधला हीटर किती कामाचा?

प्रश्न : इंधन फिल्टर बदलताना मेकॅनिकने त्याला जोडलेली विजेची वायर दाखवली आणि आत हीटर असल्याचे सांगितले. जानेवारीत आम्ही स्वतःच्या डिझेल गाडीने स्पितीतील काझापर्यंत जाणार आहोत. तिथल्या थंडीत एवढ्याशा हीटरवर विसंबता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्णपणे नाही. डिझेलमध्ये मुळातच मेण विरघळलेले असते. थंडी वाढली की त्याचे स्फटिक होऊ लागतात आणि टाकीतले डिझेल अजून पातळ असले तरी हे स्फटिक फिल्टरच्या काही मायक्रॉनच्या छिद्रांवर सायीसारखे साचून इंधनाची वाट अडवतात. इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडते ते यामुळेच. सर्वांत आधी वाट तुंबते ती फिल्टरपाशी, म्हणून हीटरही तिथेच बसवतात.

त्यात बहुधा सिरॅमिकच्या चकत्या असतात. ठरावीक तापमानापुढे त्यांचा विद्युतरोध झपाट्याने वाढतो, त्यामुळे प्रवाह आपोआप घटतो आणि डिझेल नको तितके तापत नाही. २०० वॅटचा हीटर मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहणारे डिझेल फार तर १४ अंश सेल्सिअसने तापवतो. किंचित थंडीत मेण वितळवायला एवढे पुरते. काही गाड्यांत इंजिनाकडून परतणारे गरम डिझेलही थंडीत टाकीऐवजी फिल्टरकडे वळवलेले असते.

मात्र टाकी आणि नळ्या यांतले डिझेलच थिजले, तर ते हीटरपर्यंत पोहोचणार कसे? भारतीय मानकानुसार मैदानी प्रदेशातले हिवाळी डिझेलसुद्धा ६ अंशांपर्यंतच फिल्टरमधून सुरळीत जाण्याची अपेक्षा असते आणि काझाच्या रात्री शून्याच्या कितीतरी खाली जातात. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले. तसे डिझेल तुमच्या वाटेवर कुठे मिळेल याची चौकशी आधीच करावी आणि नाशिककडचे डिझेल शक्यतो संपवून मगच ते भरावे. रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये, कारण त्याने आजच्या उच्चदाब पंपांचे वंगण कमी पडते. टाकीखाली जाळ करण्याबद्दल तर बोलायलाच नको!

नाशिकच्या हवेत हीटर क्वचितच चालू होतो, त्यामुळे त्याचा फ्यूज किंवा रिले वर्षानुवर्षे बिघडलेला असला तरी कळत नाही. निघण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. थर्मोस्टॅट थंडीतच वीज जोडत असल्याने मेकॅनिकला त्यावर बर्फ ठेवूनच ही तपासणी करायला सांगावे.