आधी एक पावसाळा बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परमाकल्चर डिझाइनचा, म्हणजे निसर्गाच्या चालीने शेत, झाडं, पाणी यांची आखणी शिकवणारा कोर्स करू का, असं विचारलं आहेस. फी जास्त वाटते आणि आई म्हणते, गच्चीवर चार कुंड्या लावायला सर्टिफिकेट कशाला. आईचं अर्धं बरोबर आहे.

कोर्स जरूर कर, पण त्यातून काय मिळणार नाही ते आधी समजून घे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ही मांडणी केली. मॉलिसन १९८७ साली भारतात येऊन शिकवूनही गेले. अभ्यासक्रम जगभर साधारण ७२ तासांचा असतो. तेवढ्यात शेती येत नाही, बघणं येतं. ऊन कुठून, वारा कुठून, पाणी कुठून शिरतं आणि कुठून पळतं. रोज लागणारं दाराशी, वर्षातून एकदा लागणारं कुंपणापाशी. याला ते 'झोन' म्हणतात. माझ्या आजीचा कढीपत्ता स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी होता आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळी. (म्हणून 'आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच' असं मात्र म्हणू नकोस. त्याच आजीची विहीर दर उन्हाळ्यात आटायची आणि वरच्या माळावर पाणी मुरवायला कुणी एक चर खणला नव्हता.)

माझी फजिती सांगते. कोर्स करून आले ती डोक्यात चर घेऊनच. सासवडच्या पुढे ओढ्याकाठी आमची पाऊण एकर काळी जमीन. तीन काठ्यांची ए-फ्रेम केली, मधे ओळंबा सोडला, समपातळी रेषा आखली, चर खणले, भरावावर पपया लावल्या. वहीतलं चित्र हुबेहूब उतरलं होतं! पावसाळ्यात चरांत आठ-आठ दिवस पाणी तुंबून राहिलं आणि निम्म्या पपया मुळं कुजून गेल्या. शेजारचे दादा सगळं बांधावरून बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, या रानातलं पाणी काढायचं असतंय. मुरवायचं ते वर, माळावर." वर मुरमाड माळ होता. चर तिथे हवे होते. 'माथा ते पायथा', म्हणजे पाणी अडवण्याचं काम वरून सुरू करून खाली यायचं, हे शब्द मी शंभरदा ऐकले होते, आणि काम पायथ्याला सुरू केलं होतं.

म्हणून म्हणते, फी भरण्याआधी हा पावसाळा बघून घे. जमीन नाही तर सोसायटीची गच्ची आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६५,००० लिटर. वाया जाणारं वगळलं तरी पन्नास हजार. ते कुठल्या पाइपातून कुठल्या गटारात जातं, ते छत्री घेऊन स्वतः बघ. एप्रिलमध्ये टँकरचं बिल येतं तेव्हा हा आकडा कमिटीपुढे ठेव. कंपोस्टवर भाषण देण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

कोर्स निवडताना शिकवणाऱ्याला विचार, याच जमिनीवर किती वर्षं आहात आणि काय फसलं? काहीच फसलं नाही म्हणाला तर परत ये. जागा एप्रिल-मेमध्ये बघ, ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच हिरवी असते. कोकणातला किंवा केरळातला कोर्स देखणा असेल, पण तुला सह्याद्रीच्या या बाजूला राहायचं आहे. आणि कोर्सबरोबर फार्महाउसचा प्लॉट विकत असतील तर चहाही न घेता निघ.

परमाकल्चरच्या तीन तत्त्वांपैकी तिसरं आहे वाटणीचं. बहुतेक ठिकाणी ते एका स्लाइडवर उरकतात. ते शिकायचं तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावची गोष्ट समजून घे. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्यातले इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथे काम उभं केलं, त्यातून पाणी पंचायत आली. पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशोबाने. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. मला यातली 'ऊस बंद' ही अट सगळ्यांत अवघड वाटते. पाणी साठवायला माणसं मिळतात, पाणी असताना ते पिऊन टाकणारं पीक न घ्यायला फार थोडी. तू आणि मी दोघीही शॉवरखाली उभ्या राहतो, तेव्हा इथे मी गप्प बसते.

नोकरी एवढ्यात सोडू नकोस. शनिवार-रविवार पुरतात.

पुढच्या रविवारी इकडे ये. स्वारगेटहून सासवडची एसटी पकड, पुढे मी घ्यायला येते. पपया आता वरच्या अंगाला हलवल्यात, तुलाही नेता येतील. सोसायटीच्या मागे सुक्या पाल्याची पोती पडून आहेत म्हणालीस ना? पेटवायच्या आत त्यातली दोन उचलून आण. आच्छादनाला इथे पाला नेहमीच कमी पडतो.

तुझी,
मावशी