कंपोझिट फोटोवर अभिप्राय देताना नेमकं काय बघावं

तुम्ही विचारलंय की कुणी दोन-तीन फोटो जोडून केलेलं चित्र, म्हणजे कंपोझिट, दाखवलं आणि ते 'खोटं' वाटलं, तर तसं सांगायचं कसं? आणि आपल्याला मास्किंगही (फोटोचा हवा तेवढाच भाग ठेवून बाकीचा झाकणं) धड येत नसताना काही बोलायचा हक्क आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हक्क आहे. चित्र बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना एडिटिंग येतं, आणि ते केलेलं असतं बघणाऱ्यांसाठीच. तुमची नजर कुठे अडखळली एवढं जरी नेमकं सांगितलंत, तरी अर्धं काम झालं. नुसतं 'खोटं वाटतंय' म्हटल्याने करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जोडलंय हे त्याला माहीतच आहे, सांधा कुठे उघडा पडला ते त्याला हवंय.

पण दोष काढायच्या आधी चित्राचा इरादा ओळखा. काही कंपोझिटना वाटत असतं की हे एकाच क्लिकमध्ये टिपलंय असं लोकांनी समजावं. काहींना तसं मुळीच वाटत नसतं. समुद्रातून ढगात गेलेली शिडी कुणी खरी मानणार नाही, मानावी अशी अपेक्षाही नाही. दुसऱ्या प्रकाराला 'असं कुठे असतं का' म्हणणं फुकट आहे. तिथे बघायचं ते इतकंच, की त्या चित्राने स्वतःच ठरवलेले नियम ते स्वतः पाळतंय का. इरादा कळला नाही तर सरळ विचारा. आणि 'एडिट केलं म्हणजे फोटोग्राफीच नाही' हा वाद तर काढूच नका, तो फार शिळा आहे. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापत होता, कारण त्या काळच्या प्लेटा निळ्या रंगाला जास्त संवेदनशील असत आणि समुद्र नीट आला की आकाश पांढरं पडे. १८५७ मध्ये फोटोग्राफर ऑस्कर रेयलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र केलं होतं. लेयर (एकावर एक रचलेले थर) तेव्हाही होते, फक्त काचेचे.

आता नजर अडखळते कुठे? बहुतेक वेळा प्रकाशात. नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ: माळावर उभी मुलगी, मागे भलामोठा पूर्ण चंद्र. चंद्र मागे आहे म्हणजे तिच्या केसांच्या आणि खांद्यांच्या कडा उजळायला हव्यात, चेहरा अंधारात जायला हवा आणि सावली आपल्याकडे यायला हवी. चित्रात मात्र चेहऱ्यावर डावीकडून मऊ उजेड आणि पायाखाली सावलीच नाही. इथे 'लायटिंग जमलं नाही' असं मोघम लिहू नका. असं लिहा: 'चंद्र मागे असून चेहऱ्यावर डावीकडून उजेड कसा, असा प्रश्न पडला. तिच्या हातात कंदील दिला तर उजेडाला कारण मिळेल, नाहीतर चेहरा बराच डार्क करावा लागेल. टाचा गवताला टेकतात तिथे बारीक गडद सावली नाही, म्हणून ती तरंगल्यासारखी दिसते.' जागा, कारण आणि उपाय, तिन्ही आले. टेकल्या जागेची ती सावली बारीकशीच असते, पण तिच्यावाचून कुठलीही वस्तू जमिनीवर बसत नाही.

त्याच चित्रात चंद्राच्या आकाराचंही बघा. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्सने आडवा फोटो काढला तर तो फ्रेमच्या उंचीच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढा येतो. म्हणून मोठा चंद्र चूक, असं नाही. ६०० एमएमने तो जवळजवळ पाव उंची व्यापतो, पण मग पुढचा माळही लांबून, दाबल्यासारखा दिसायला हवा. वाइड लेन्सने पसरलेला माळ आणि टेलीचा (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सचा) चंद्र एकत्र आले की का ते न कळताही नजरेला खटकतं. (चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात चमकणारा तारा हा माझा खास आवडता प्रकार. चंद्राच्या आरपार दिसणारा तारा!)

क्षितिजाची रेषाही तपासा, इकडे लोक फार दुर्लक्ष करतात. सपाट जमिनीवर कॅमेरा जेवढ्या उंचीवर, त्याच उंचीवर क्षितिज उभ्या माणसांना छेदतं, मग माणूस जवळ असो की लांब. क्षितिज मुलीच्या गुडघ्याशी असेल तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर होता. तरीही तिच्या बुटांचा वरचा भाग वरून बघितल्यासारखा दिसत असेल, तर तिचा फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढलाय. हे ब्रश फिरवून सुटत नाही.

कडांचं थोडक्यात: केसांभोवती जुन्या बॅकग्राउंडची पांढरी किनार, एक तुकडा गुळगुळीत आणि दुसऱ्यात नॉइज (बारीक दाणे), लांबचा डोंगर धूसर पण त्याच्याशेजारी ठेवलेल्या माणसाचे काळे रंग गच्च. शंका आली तर चित्र आडवं फ्लिप करून बघा, कृष्णधवल करून बघा, किंवा कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करायची एडिटरमधली रेषा) मुद्दाम टोकाला ओढा. चिकटवलेला तुकडा लगेच वेगळा पडतो.

सांगताना दोन-तीनच गोष्टी सांगा, सर्वांत मोठी आधी. प्रकाशाची दिशाच चुकलेली असताना केसांच्या किनारीवर परिच्छेद लिहिणं म्हणजे पाया खचलाय आणि आपण रंग निवडतोय. कौतुकही नेमकं करा. 'मस्त' म्हणण्याऐवजी 'धुक्याचा लेयर मुलीच्या पुढेही थोडा आणलात, त्याने ती दृश्यात शिरली' असं म्हटलं की तो माणूस पुढच्या वेळी ते जाणूनबुजून करतो. न विचारता त्याचं चित्र स्वतः एडिट करून मात्र दाखवू नका. आणि 'मला निळा टोन आवडला असता' ही तुमची आवड झाली, ती आवड म्हणूनच सांगा.

एका बाबतीत मात्र मी इरादा-बिरादा बघत नाही. चित्र बातमी किंवा दस्तऐवज म्हणून पुढे येत असेल, तर जोडणी कितीही सफाईदार असो, पहिला प्रश्न 'हे कंपोझिट असल्याचं सांगितलंय का' हाच. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून जवळ सरकवले, त्यावर बरीच टीका झाली होती.

शेवटचं, जमल्यास मूळ तुकडे बघायला मागा. बरेचदा घोळ एडिटिंगमध्ये नसतोच. एक तुकडा ढगाळ दुपारचा, दुसरा कडक उन्हातला, तिसरा कुठूनतरी उतरवलेला. अशा वेळी मास्क सुधारायला सांगून त्याच्या चार रात्री घालवू नका. आधी बॅकग्राउंड पक्कं करा, त्याची कॅमेऱ्याची उंची, फोकल लेन्थ (लेन्स किती एमएमची ते) आणि उजेडाची दिशा लिहून ठेवा आणि माणसाचा फोटो त्या हिशेबाने पुन्हा काढा, असं सरळ सांगा.