डिस्क ४के (आतून ४०९६ बाइटच्या सेक्टरची) आहे, तरी लिनक्स सेक्टर ५१२ बाइटचा सांगतं. खरा आकार प्रोग्रॅमने कुठून वाचायचा?

कर्नलकडे दोन्ही आकार असतात, आणि ते सिसएफएसमध्ये (/sys खाली कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या डिस्कच्या 'क्यू' डिरेक्टरीत साध्या मजकूर फाइल म्हणून वाचता येतात. लॉजिकल ब्लॉक साइझ म्हणजे डिस्कशी बोलण्याचं सगळ्यात लहान एकक (तुमच्याकडे ५१२), फिजिकल म्हणजे डिस्क आतून प्रत्यक्ष लिहिते ते (४०९६). शेजारीच मिनिमम आणि ऑप्टिमल आयओ साइझ आहेत. रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या असतात तिथे) त्यातून बहुधा चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) आणि स्ट्राइपचा (सगळ्या डिस्कवरचे असे तुकडे मिळून) आकार कळतो. 'क्यू' अख्ख्या डिस्कची असते, पार्टिशनच्या डिरेक्टरीत ती शोधू नका. पार्टिशनची सुरुवात नीट जुळली आहे का, हे मात्र त्याच्या स्वतःच्या अलाइनमेंट ऑफसेटमध्ये दिसतं: शून्य असेल तर ठीक.

हे सगळं कर्नल २.६.३१ पासून (२००९) आहे. हीच माहिती आयओसीटीएलनेही (उघडलेल्या डिव्हाइसला थेट प्रश्न विचारणारा सिस्टम कॉल) मिळते, पण त्यासाठी डिव्हाइस उघडावं लागतं, म्हणजे सहसा रूट हवा. नुसतं वाचायचं असेल तर सिसएफएसच बरं. हाताने तपासायला 'एलएसबीएलके -टी' पुरेसं आहे. आणि हो, सिसएफएसमध्ये डिस्कच्या डिरेक्टरीत ('क्यू'च्या बाहेर) असलेल्या 'साइझ' फाइलमधला आकडा कायम ५१२ बाइटच्या एककातच असतो, डिस्क कुठलीही असो. त्याला ४०९६ने गुणलंत तर डिस्क आठपट मोठी दिसेल.

फक्त एक: कर्नल डिस्कने सांगितलेलंच पुढे सांगतो. काही यूएसबी एन्क्लोजर (डिस्क यूएसबीने जोडायचे डबे) आणि रेड कंट्रोलर खरा फिजिकल आकार लपवतात, म्हणून पार्टिशन १ एमआयबीच्या (१०,४८,५७६ बाइट, म्हणजे ४०९६च्याही) पटीतच सुरू करा.