लहानपणीच्या मालवणच्या समुद्रात पुन्हा उतरावं का?

लहानपणी मालवणच्या किल्ल्यामागे पाहिलेले प्रवाळ आणि मासे आता मुलांना दाखवायचे आहेत, पण गेल्यावर हिरमोड होईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं आजोळ मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचं. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्याच पाण्यात गेल्या, आणि पुण्यात राहायला आल्यावर मध्ये बरीच वर्षं गेली, मग पुन्हा जाणं सुरू झालं. त्यामुळे मनापासून सांगते: जरूर जा.

किनारा मात्र ओळखू येणार नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि पुढे स्नॉर्कलिंग-स्कूबाच्या होड्या वाढत गेल्या. जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जायची तिथे आज लाइफ जॅकेटांचे ढीग दिसतात. याचं मला वाईट वाटत नाही. मासळी कमी झाली तेव्हा अनेक घरांची चूल या होड्यांनीच पेटती ठेवली.

मला वाईट वाटतं ते पावाचं. पर्यटक पाण्यात उतरले की काही होडीवाले पाव कुस्करून टाकतात, काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे तोंडाभोवती गर्दी करतात आणि व्हिडिओ झकास येतो. हेच मासे एरवी खडकांवरचं शेवाळ कुरतडत हिंडत असतात. शेवाळ माजलं की त्याखाली प्रवाळ गुदमरतात, म्हणून त्यांचं ते चरणं मोलाचं आहे. होडीत बसण्याआधीच सांगा, "पाव नको, आम्ही वाट बघू." आणि खरंच वाट बघा. पाण्यावर पालथे पडून हातपाय न हलवता थोडा वेळ राहिलात की मासे आपणहून कपारीतून बाहेर येतात. एखादा पोपटमासा खडकाला चावा घेतो तो कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. मुलं तो विसरणार नाहीत.

दुसरी गोष्ट, पाय टेकू नका. तपकिरी-पिवळसर गोलसर धोंडा वाटतो तो बहुधा जिवंत प्रवाळ असतो. त्याच्यावर बारीक बारीक टिंबं दिसतात, त्यातलं प्रत्येक टिंब म्हणजे एक जीव. पाणी फार तापलं तर हे जीव आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तसा पांढरा पट्टा दिसला तर मुलांपासून लपवू नका, ते का झालं ते सांगा. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे आणि कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आठवण म्हणून तुकडासुद्धा उचलायचा नाही.

वेळ नीट निवडलीत तर निम्मं काम झालं. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि नंतरही काही आठवडे नद्यांचा गाळ पाण्यात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्यातही अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, त्यामुळे पाण्याची ओढ कमी असते, तळाची वाळू ढवळत नाही आणि पाणी नितळ राहतं. शनिवार-रविवार टाळा. मामा सकाळी किनाऱ्यावरून एक नजर टाकून म्हणायचा, "पाणी गढूळ आसा, आज नको." तुमचा होडीवाला असं म्हणाला तर पैसे देऊन हट्ट करू नका, उलट तोच माणूस दुसऱ्या दिवशी धरा.

आणि मुलं लहान असतील तर होडीची घाई कशाला? अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमारास भरती असते, म्हणजे सकाळी लवकर आणि संध्याकाळी सुकती (ओहोटी). तेव्हा खडक उघडे पडतात आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यात सगळा समुद्र गुडघ्याखाली येतो: शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, समुद्रफुलं, काटेरी साळिंदासारखे सागरी अर्चिन. माझ्या मते खरं स्नॉर्कलिंग इथूनच शिकावं. पायात जुने बूट हवेतच, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा पाय कापतात.

सुकतीला दांडीवरून समोरच्या पद्मगड या छोट्या किल्ल्यापर्यंत वाळूतून चालत जाता येतं. तिकडे जाणार असाल तर पाणी परत कधी चढणार ते आधी किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमाराला विचारा आणि त्याआधीच मागे फिरा.